अक्काच्या पथ्याचं आमंत्रण

"तोंड उघाडा! मी काय म्हनस, आधी तोंड उघाडा!"

सकाळचे साडेसात वाजलेले. असोद्याला माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या घराचा ओटा. माझी बायको कमरेला पदर खोचून समोर उभी, आणि मी ओठ गच्च मिटून शेजाऱ्याच्या गच्चीवरच्या डिशकडे बघतोय, जणू तिच्यावर गरुड येऊन बसलाय. बायको धुळ्याची. एरवी तिची मराठी इस्त्री केलेली असते. पण राग आला की माहेरची अहिराणी बाहेर पडते, आणि त्या दिवशीच्या तिच्या आवाजाने जळगाव स्टेशनात उभी असलेली मालगाडी दोन रूळ मागे सरकली असं लोक सांगतात. लोक म्हणजे मी.

"तुमले लाज शे का नई? पन्नाशी उलटनी, तरी चोरीसन खातस?"

मी मानेनेच नाही म्हटलं. तोंड उघडणं शक्यच नव्हतं. डाव्या गालात चकली होती.

चकली न वाजवता खाणं ही कला आहे, आणि ती मला अवगत आहे. शेव तोंडात आपोआप विरघळते. लाडू तर पहिल्यापासून तुमच्याच बाजूचा असतो. चकली मात्र फितूर. दात लागला की अख्ख्या गल्लीला ओरडून सांगते. म्हणून तिला गालात धरायचं, लाळेत भिजवायचं आणि धीराने वाट बघायची. माझी ती चकली अकरा मिनिटं भिजत होती, आणखी दोन मिनिटांत विषय संपला असता. तेवढ्यात बायकोला फराळाच्या डब्याचं झाकण तिरकं दिसलं.

ओट्याच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत अक्का बसली होती. दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर, हातात दुधीच्या रसाचा पेला. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा हिनेच मला कडेवर घेऊन वाढवलं. तिने माझ्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं, रसाचा एक घोट घेतला आणि बायकोला म्हणाली, "दाढ दुखते वं त्याची. रातभर कन्हत व्हता."

बायकोने डोळे बारीक केले. मग आत जाऊन लवंग आणली आणि स्वतःच्या हाताने माझ्या गालात ठेवली. चकली आणि लवंग. दिवाळीत याहून वाईट फराळ मी केलेला नाही.

हा आमच्या पथ्याचा तिसरा दिवस होता, आणि पथ्य का करावं लागलं हे सांगायचं तर दोष माझाच निघतो. म्हणून आधी थोडं अक्काबद्दल सांगतो, म्हणजे दोष जरा उशिरा निघेल.

अक्काचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तिचं केळीचं शेत घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, पण दोन वर्षं ती तिथे गेली नव्हती. मुलाच्या मोटारसायकलवर चढता येईना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बस म्हटलं की म्हणायची, "ट्रालीत माल जातो. मी काय घड हाये केळीचा?" आणि हिवाळा आला की तिचा जीव शेतातच. कारण हिवाळ्यात आमच्याकडे शेताशेतांत भरीत होतं, आणि भरीत ठेचावं ते अक्कानेच. बडगी म्हणजे लाकडाची खोलगट काठवट, तिच्यात भाजलेली वांगी न् हिरव्या मिरच्या घालून अक्का मुसळीने ठेचायला बसली की शेजारच्या शिवारातले बैल चरायचे थांबायचे. तिच्या हातचं भरीत खाऊन गावातला एक जावई सासुरवाडीहून परत गेलाच नाही. तो अजून गावातच आहे, हवं तर दाखवतो.

तर गुडघे बदलायचं ठरलं. जळगावच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीख दिली. अट एकच होती. उपाशीपोटीची साखर दीडशेच्या आत हवी. दिवाळीआधी ती आत होती. सगळं सुरळीत होतं. मग मी आलो.

लक्ष्मीपूजन आणि पाडवा आम्ही धुळ्याला सासरी केला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण सासूबाईंच्या लेखी मी अजून पहिल्या दिवाळसणाला आलेला पोरगा. तिथे पोट भरलं हे जावयाने सांगायचं नसतं, सासूने ठरवायचं असतं. पहिल्या दिवशी वरण-बट्टी. बट्टी कुस्करून तिच्यात विहीर करायची आणि विहीर तुपाने भरेपर्यंत सासूबाईंचा हात थांबत नाही. दुसऱ्या दिवशी खापरावरचे पुरणाचे मांडे, अंगावर पांघरून झोपता येतील एवढे. वर शेवभाजी, वर चिवडा, वर "काहीच खाई नई राहिनात तुम्ही." परत येताना एस.टी.त मी ज्या बाजूला बसलो त्या बाजूला गाडी कलली. पारोळ्याला कंडक्टरने मला उठवून मधल्या जागेत बसवलं, तेव्हा कुठे ड्रायव्हरला सरळ रस्ता दिसायला लागला.

निघताना सासूबाईंनी अक्कासाठी बेसनाच्या लाडवांचा डबा दिला होता. भाऊबीजेला तो मी अक्कासमोर उघडला.

"नको रे भाऊ. मले डॉक्टरनं..."

"अगं, एकाने काय होतं?"

हे मी एकदाच म्हटलं असतं तर हा लेख झाला नसता. ओवाळून झाल्यावर म्हटलं. जेवणानंतर म्हटलं. चहाबरोबर म्हटलं. दुसऱ्या दिवशी निघताना, उरलेत ते वाया नको जायला म्हणून पुन्हा म्हटलं. आणि अक्काची गंमत अशी की तिने मला आयुष्यात कशाला नाही म्हटलेलं नाही. मी लहानपणी मातीची गोळी करून दिली असती तरी तिने गोड मानून खाल्ली असती.

तपासणीचा कागद आला तेव्हा आकडा बघून डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा तोच. ते म्हणाले, "मावशी, आठ दिवसांनी परत तपासू. खाली आली तर ऑपरेशन ठरल्या दिवशी. नाही आली तर मग उन्हाळ्यातच बघू." म्हणजे हा हिवाळाही खुर्चीत. मग त्यांनी विचारलं, "पण एवढं गोड खाऊ कोणी घातलं?"

मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्रात अतिशय रस घेतला.

"मीच खाल्लं," अक्का म्हणाली. "घरी कोनी नव्हतं."

जळगाव ते असोदा सहा किलोमीटर. रिक्षात मी एक शब्द बोललो नाही. माझ्या आयुष्यातले न बोलता गेलेले सहा किलोमीटर तेवढेच. ओट्यावर पाय ठेवता ठेवता मात्र मी जाहीर केलं, "अक्का, सात दिवस मी इथेच राहणार. जे तू खाशील तेच मी खाणार. एक कणही जास्त नाही." अक्का हसली. बायको फोनवर म्हणाली, "मी बी येस. तुमना भरोसा नई." आणि पिशवी घेऊन आलीच.

दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या मुलीने एक कागद दिला होता. पोरगी आमच्या लेकीच्या वयाची, बोलणं गोड, कागद कडू. सकाळी लिंबूपाणी, मग दुधीचा रस, मग काकडी, मग मुगाचं पाणी. साखर बंद, तळण बंद, भात बंद. तिने "केळी बंद" म्हटलं तेव्हा माझा भाचा, अक्काचा मुलगा, दचकला. चाळिशीचा गडी, दहा एकर केळी त्याची. त्याने विचारलं, "मॅडम, खायची बंद की लावायची?"

पहिला दिवस मी अभिमानावर काढला. दुसऱ्या दिवशी स्वप्नात बट्टी आली. ती तुपात उभी राहून मला हाक मारत होती. तिसऱ्या दिवशीची चकली तुम्हाला माहीत आहे. चौथ्या दिवशी जळगावला ऑफिसात साहेबांनी माझ्यासमोर पेढ्यांचा बॉक्स धरला, तेव्हा मी इतक्या जोरात "नको" म्हणालो की शेजारच्या टेबलवरची फाईल आपोआप मंजूर झाली. बॉक्स परत गेल्यावर मी त्याच्यामागे जिना उतरलो आणि दोन पेढे खाल्ले, हे वेगळं.

आणि अक्का? समोर येईल तो पेला उचलायची, डोळे मिटायची, रिकामा करून खाली ठेवायची. जिच्या घरातून भिकारीसुद्धा दुसऱ्यांदा वाढून घेऊन जातो, ती बाई काकडीचे चार काप मोजल्यासारखे खात होती. संध्याकाळी भाचा शेतातून आला की तिचे प्रश्न ठरलेले.

"पानी फिरलं का रे?"

"फिरलं."

"वांगे लागले का?"

"लागले आई. या वर्षी चांगले लागले."

मग ती शेताच्या दिशेला बघत बसायची. तिथून शेत दिसत नाही. मधे तीन घरं, एक टाकी आणि दूध डेअरी आहे. तरी बघायची.

पाचव्या दिवशी बायकोलाच तिची दया आली. तिने भाच्याला बोलावलं आणि म्हणाली, "अक्कांच्या जिभेचं लाकूड झालं रे. कागदात बघ, दुसरं काही चालतं का." भाच्याने कागद वाचला. एका ओळीवर त्याचा चेहरा उजळला. ओळ अशी होती : 'संध्याकाळी सातच्या आत. भाजलेल्या भाज्या, हव्या तितक्या.'

"मामी, हे आधी सांगायचं ना! भाजलेली भाजी म्हणजे भरीतच की!"

"हो, पण दोनच वांगी. आणि तेल नाही."

"हाव, हाव," म्हणत तो गेलासुद्धा.

आता दोन वांगी भाजणं हे जगात कुठेही होत असेल, असोद्यात होत नाही. इथे भरीत गॅसवर, घरात, दोघांपुरतं कोणी करत नाही. ते शेतात होतं. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यात पोतंभर हिरवी वांगी टाकायची. दोन वांग्यांसाठी पऱ्हाट्या पेटवल्या तर पऱ्हाट्यांनाच लाज वाटेल. आणि जाळ केला की धूर जातो, धूर दिसला की माणसं येतात, आणि आलेल्या माणसाला बोलावलंच होतं असं म्हणायची रीत आहे. भाचा तर त्याहून सरळ. त्याने वाटेत भेटेल त्याला मनापासून सांगितलं, "आज आईचं पथ्य आहे. संध्याकाळी शेतात या."

लोक आले. पथ्याला एवढी माणसं जमल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. लोक मोटारसायकलवरून आले, बैलगाडीतून आले. एक नाना तर जळगावला लग्नाला निघाले होते, ते फेटा घालूनच आले. बायकोला हे कळलं तेव्हा पाच वाजून गेले होते, आणि दारात ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत मधोमध अक्काची प्लास्टिकची खुर्ची सुतळीने बांधलेली.

मला वाटलं अक्का भडकणार. पण पाचव्या दिवसाची भूक होती, आणि दोन वर्षांची दुसरी. तिने खुर्चीकडे बघितलं, भाच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हळू चालव." चौघांनी उचलून तिला वर बसवलं. आम्ही मागे मागे चालत. गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन बघायला लागल्या. एकीने तर पदराने नमस्कारही केला.

शेतात जाळ धडधडत होता. अक्काला खुर्चीसकट जाळाशेजारी उतरवलं. एकीकडे बायका कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या लाटत होत्या, दुसरीकडे कढई. बडगीत मुसळी पडत होती, धप, धप. वास असा सुटला होता की पार मध्य प्रदेशच्या हद्दीपलीकडे कोणाला तरी उचकी लागली असणार. बायकोने पहिल्यांदा अक्काचा वाटा बाजूला काढून घेतला. भाजलेलं वांगं, मीठ, मिरची, बस. केळीच्या पानावर, तेलाचा थेंब नाही. अक्काने ते खाल्लं. सावकाश, बोटं चाटत. म्हणाली, "ठेचलं नाही नीट. गाठी राहिल्या." पाच दिवसांत ती पहिल्यांदाच पदार्थाबद्दल बोलली.

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मग बाकीच्या भरताला फोडणी बसली. लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि वरून तेल. आमच्याकडचं भरीत बोट घालून वाकवलं तर तेलाचा ओघळ कोपरापर्यंत यायला हवा. आणि मग आग्रह सुरू झाला.

"अक्का, हे घे."

"नाही वं, माह्यं झालं."

"झालं कसं? तुह्याच पथ्याचं हाये अन् तूच नाही खासीन?"

ताट तिच्या मांडीवर. दोन पुऱ्या, भरताचा डोंगर, तेलाची चमक. वाढलेलं ताट परत करणं आमच्याकडे कुणाला जमत नाही; परत केलं की वाढणारी सहा महिने बोलत नाही. आणि पथ्याला या म्हणून बोलावून स्वतःच ताट नाकारायचं, म्हणजे तर सात पिढ्या. अक्काने पुरीला हात लावला. मग केळीच्या बागेकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

आणि खरं सांगतो, माझ्या तोंडात तेच वाक्य आलं होतं. एकाने काय होतं. जिभेवर येऊन बसलं होतं, चकलीसारखं. ते मी कसं गिळलं मला माहीत नाही. मी उठलो, तिच्या मांडीवरचं ताट ओढलं आणि म्हणालो, "हे माझं आहे."

"अरे, तिला दे ना! तू काय उपाशी हाये का?"

"पाच दिवसांचा," मी म्हणालो, आणि खायला लागलो.

दुसरं ताट आलं. तेही ओढलं. तिसरं शेजारच्या काकूंनी आणलं, ते हवेतच पकडलं. लोक हसायला लागले. फेटेवाले नाना म्हणाले, "अक्का, भावाले काय बांधून ठेवलं व्हतं का गं?"

"लहानपनापासून असाच हाये तो," अक्का म्हणाली.

तेवढ्यात बायकोचं लक्ष गेलं. "अहोऽऽ!" अशी जी आरोळी उठली, तिने बडगीतली मुसळीसुद्धा थांबली. ती तरातरा आली. मग ताट कोणाच्या मांडीवरून उचललं जातंय ते तिला दिसलं. ती थांबली. मला वाटलं, आता अहिराणी. पण तिने पदर खोचला आणि अक्काच्या दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसली.

"तिकडनं तुम्ही बघा," ती मला म्हणाली, "इकडनं मी बघस."

त्या संध्याकाळी अक्कासाठी किती ताटं आली ते मी सांगणार नाही. शेवटच्या ताटापर्यंत मला केळीची झाडं चालताना दिसत होती. त्यातला शेवटचा घास घेताना अक्काने हळूच माझ्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी ठसका लागला की ठेवायची तसा. एवढंच. आणि मग माझ्या कानाशी म्हणाली, "सावकाश. कोनी घेत नाही."

उरलेले दोन दिवस आम्ही दोघंही मुगाचं पाणी प्यालो. मी नाइलाजाने, दुसरं काही आत मावत नव्हतं.

आठव्या दिवशी तपासणी. बायकोने मलाही दंड पुढे करायला लावला. म्हणाली, पथ्य दोघांनी केलं तर कागदही दोघांचा. अक्काचा आकडा दीडशेच्या आत आला. कसाबसा, पण आत. डॉक्टर म्हणाले, "शाबास मावशी. काय केलंत?" अक्का म्हणाली, "काही नाही. भरीत केलं." माझा कागद बघून प्रयोगशाळेतल्या माणसाने सुई बदलून परत रक्त घेतलं. तो आकडा मी इथे लिहीत नाही. शाईला मुंग्या लागतील.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. मग काठी, मग व्यायाम, मग ओटा ते गल्ली, गल्ली ते डेअरी. दर रविवारी मी जळगावहून जायचो आणि ती डेअरीच्या पुढे किती गेली ते बघायचो. भरताच्या वांग्यांचा हंगाम संपत आला तेव्हा एका सकाळी तिने काठी घेतली आणि म्हणाली, "चाल."

पंधरा मिनिटांच्या वाटेला आम्हाला पाऊण तास लागला. मी मागे तीच प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर धरून. वाटेत ती चार वेळा थांबली, मी चार वेळा खुर्ची खाली ठेवली, ती एकदाही बसली नाही. ट्रॅक्टर मागून येत होता, भाचा "आई, बस ना" म्हणत होता. तिने त्याला हाताने पुढे जायला सांगितलं. शेताच्या बांधावर पोचल्यावर तिने पहिल्या केळीच्या बुंध्याला हात लावला आणि तशीच उभी राहिली. मी खुर्चीच्या पायांआडून डोळे पुसले. ऊन फार होतं.

नव्या गुडघ्यांनी खाली बसता येत नाही, म्हणून भाच्याने बडगी ट्रॉलीच्या फळीवर ठेवली. अक्काने उभ्यानेच मुसळी उचलली. धप. धप. त्या सकाळी आम्ही मोजून आठ वांगी आणली होती. धूर दिसला आणि तीस माणसं आली. ठेचून झालं. एक गाठ नाही. बायको तेलाची कढली घेऊन उभी.

मला त्या वेळी भरून आलं होतं, आणि भरून आलं की मी भाषण करतो. मी म्हणालो, "अक्का, ते सात दिवस आठवतात ना? दुधी, मूग, काकडी. त्यानेच तुला इथे आणलं. आता तर आपल्याला सवयच झाली आहे. आजचं भरीतही तसंच खाऊ, बिनतेलाचं. तू आणि मी. बघ, कशी चव लागते ती, अस्सल वांग्याची!"

अक्काने मुसळी बाजूला ठेवली, पदराने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तेल टाक," ती म्हणाली.